ती डुक्कर, ते डुक्कर

सिल्व्हर पार्क, मीरा रोड (पूर्व)
सोमवार, ६ नोव्हेंबर २००६

श्रीमती शेवंतीबाई भोईर यांस,
ईश्वर शिगवण याचा नमस्कार पोचावा.

काल उत्तनजवळच्या आपल्या डोंगरीला येऊन जनावरांच्या आसऱ्यापुढचे मैदान पाहून गेलो. आपण कुत्र्यांना भाकरी घालत होता, म्हणून हाक मारली नाही. मैदान टेपने मोजले. बसस्टॉपवरच्या माणसाने 'एकरभर असेल' असे सांगितले होते, ते पाऊण एकरही नाही. असे अंदाजपंचे सांगणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. तरीही एकोणीस गाड्या, मध्ये माणसांना फिरायला जागा ठेवून, व्यवस्थित बसतात.

ठरले ते पुन्हा लिहितो, कारण फोनवरचे बोलणे हवेत जाते. रविवार दि. १० डिसेंबर रोजी आम्ही जुन्या मोटारी पाळणारे एकोणीस जण आपापल्या गाड्या घेऊन येऊ. बघायला येणाऱ्यांनी तिकीट काढायचे, तो सगळा पैसा आपल्या जनावरांचा. आमचे पेट्रोल आमचे. आपल्या मंडळाचे अध्यक्ष चंदनशेठ मंडप घालणार आणि जनावरांसाठी पाण्याची टाकी देणार, असे आपण सांगितलेत. ते त्यांच्याकडून लेखी घ्यावे.

माझ्याविषयी कोणी विचारले तर सांगा, मी मेकॅनिक नाही. कांदिवलीला एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. मोटारीतले जे येते ते पुस्तक वाचून, गाडी उघडून आणि चुका करून शिकलो. मला कोणी उस्ताद नाही.

हे पहिले पान आपल्यासाठी. पुढची तीन पाने गाड्यांची आहेत.

पान २. गाडी क्र. १. फियाट ११००, मॉडेल १९५६, मालक ईश्वर शिगवण. पुढचे तोंड लांबट, म्हणून सगळी मुंबई या मॉडेलला 'डुक्कर' म्हणते. मीही तेच म्हणतो. सिल्व्हर पार्कात 'डुक्करवाले शिगवण' विचारले की पोरसुद्धा घर दाखवते. काशिमिऱ्याला रस्त्याकडेला मोडून पडली होती, भंगारवाला तुकडे करून किलोवर विकणार होता. १९९१ साली उचलून आणली, चार वर्षांत स्वतःच्या हाताने उभी केली. मैदानात हिची जागा पहिली, फाटकातून शिरताच डाव्या हाताला. गाडी क्र. २. हिलमन...

(पान ३ व ४ वर क्र. १९ पर्यंत.)

आपला,
ईश्वर शिगवण


डोंगरी
१३ नोव्हेंबर

ईश्वरभाऊंना शेवंतीचा नमस्कार.

पत्र मिळालं. पहिलं पान दोनदा वाचलं. गाड्यांची पानं तशीच चंदनशेटच्या हपिसात देऊन टाकली, मला त्यातलं काही कळत न्हाय. माझी सातवी झाली ती तारोडीच्या शाळेत, अन् त्यालाही चाळीस वर्षं झाली. फोन केला तर तुम्ही लिहून द्या म्हणता, म्हणून लिहितेय. चुकलं तर हसू नका.

तुम्ही येताय म्हणून फार आधार वाटतो. इथं एकतीस कुत्री हायत, दोन बैल, एक गाढव, मांजरं मोजली न्हाय. विहिरीवरून पाणी ओढून हात गेले. टाकी झाली तर बरं होईल.

पण एक भानगड झालीय. काल शेट येऊन गेले. बाकी सगळं ठीक, म्हणाले, पण डुक्कर चालणार न्हाय. मोठे पाव्हणे येणार, त्यांना ते दिसता कामा न्हाय, लोक नाक मुरडतील. मेळाव्याच्या आधी हलवा, न्हायतर मंडपही न्हाय अन् टाकीही न्हाय. मी बोलले, ते कुणाच्या अध्यात न्हाय मध्यात न्हाय, राहू द्या की एका कडेला. तर म्हणतात, डुक्कर ते डुक्कर.

मंडळात माझं कोण ऐकणार? तुम्ही शिकलेले, मुद्द्याचं लिहिता. चार ओळी लिहून पाठवा, मी सगळ्यांपुढं वाचून दाखवीन.

शेवंती भोईर


सिल्व्हर पार्क
१७ नोव्हेंबर २००६

श्रीमती शेवंतीबाई यांस,

आपले पत्र तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा रक्त उसळले. आपण चार ओळी मागितल्यात. चारात मावणार नाही. खालचा मजकूर एकही शब्द न गाळता मंडळापुढे वाचावा.

"चंदनशेठ व मंडळी,

डुक्कर चालणार नाही, असे आपण म्हणालात. का? तिच्या नावामुळे? ते नाव तिने स्वतःला ठेवलेले नाही. तोंड पुढे आले म्हणून लोकांनी ठेवले. तोंडावरून पारख करायची ठरली, तर आपल्या मोठ्या पाहुण्यांपैकी किती जण फाटकातून आत येतील याची मला शंका आहे.

ती रस्त्याकडेला मोडून पडली होती तेव्हा या पाहुण्यांपैकी एकही थांबला नाही. तुकडे करून किलोवर विकणारे मात्र लगेच हजर झाले. ज्याने तिला उचलून आणले त्याने नाव विचारले नाही. हाताने धुतले, जिथे मोडले होते तिथे जोडले, आणि पुन्हा उभे केले. हे काम ज्याने कधी केलेले नाही त्याने नाक मुरडू नये.

तिला लागते काय? सावली, पाणी, आणि रोज सकाळी कोणीतरी दोन मिनिटे जवळ बसावे, एवढेच. ती घाण करीत नाही. घाण भोवतालची माणसे करतात आणि नाव तिच्यावर जाते. तिने आजवर मला कधी रस्त्यात सोडलेले नाही.

तिला मागे झाकून ठेवा किंवा हलवा, ही भाषा मला मान्य नाही. जी जागा तिला दिली आहे ती तिची. ती हलली, तर माझ्या एकोणीस गाड्यांपैकी एकही डोंगरीला येणार नाही. मंडप कोणासाठी घालायचा ते मग आपण ठरवा.
ईश्वर शिगवण."

शेवंतीबाई, आपण माझ्या बाजूने बोललात हे मी विसरणार नाही. फक्त एक सुचवतो, राग मानू नये. आपण 'ते डुक्कर' लिहिता. 'ती' लिहावे.

आपला,
ईश्वर शिगवण


डोंगरी
२४ नोव्हेंबर

ईश्वरभाऊ,

काय लिहिलंत हो तुम्ही. काल मंडळापुढं वाचलं. माझे दीर दशरथ, जे आजवर सभेत फक्त चहा प्यायला तोंड उघडतात, ते म्हणाले पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. किलोवरच्या वाक्याला सगळे खाली बघायला लागले, कारण उत्तनच्या नाक्यावरून दोघे जण खरंच भाव विचारून गेले होते. तुम्हाला ते कुणी सांगितलं? 'मला रस्त्यात सोडलेले नाही' ते वाक्य मला कळलं न्हाय, पण दशरथभाऊ म्हणाले, शिकलेली माणसं असं मधेमधे लिहितात.

शेटनी विचारलं, हा कोण टिकोजीराव? मी सांगितलं, गाड्या आणणारे. सात जणांत चौघे तुमच्या बाजूचे झाले. डुक्कर राहील असं ठरलं. शेट उठून गेले, पण ठरलं.

एक विचारायचं होतं. ती मादी हाय हे तुम्ही कसं ओळखलं? आम्ही सगळे ते-तेच म्हणत होतो. तुम्ही मैदान मोजत होता तेव्हा पिंपळाखाली पडली होती, तेवढ्यात तुमच्या नजरेनं टिपलं? तुमचं पत्र आलं अन् दोन दिवसांनी जनावरांचे डॉक्टर आले, ते म्हणाले मादी हाय अन् गाभण हाय. मी त्यांना म्हटलं, आमच्या ईश्वरभाऊंनी आधीच लिहून पाठवलंय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तारोडीच्या वळणावर कुणीतरी गाडीनं उडवली होती. पुढचा उजवा पाय. गाडी थांबलीसुद्धा न्हाय. तेव्हापासून मी म्हणायची, गाडीवाले मेले सगळे सारखे. आता म्हणणार न्हाय.

शेवंती


सिल्व्हर पार्क
२७ नोव्हेंबर २००६

श्रीमती शेवंतीबाई यांस,

आपल्या पत्राने मला जो धक्का बसला तो शब्दांत मांडणे कठीण आहे, तरी मांडतो.

मी जनावराविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. आपल्याकडे डुक्कर आहे हेच मला ठाऊक नव्हते. मैदान मोजताना मी टेपकडे बघतो, पिंपळाखाली नाही. माझ्या मोटारीला डुक्कर म्हणतात. दि. ६ च्या पत्रात पान २ वर स्वच्छ अक्षरात लिहिले आहे. ते पान आपण न वाचता दुसऱ्याच्या हपिसात दिलेत. तेथेही कोणी वाचलेले दिसत नाही. चार पाने लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या. वाचायला कोणाला दहा मिनिटे झाली नाहीत.

चंदनशेठ माझ्या गाडीला नावे ठेवत आहेत असे समजून मी ते लिहिले. 'ती' हे सर्वनाम गाडीचे आहे. गाभण असण्याचा प्रश्नच येत नाही. किलोवर म्हणजे भंगाराच्या किलोवर. रस्त्यात सोडले नाही म्हणजे बंद पडली नाही. या वाक्याला 'मधेमधे लिहिलेले' म्हणणाऱ्या दशरथरावांना माझा नमस्कार सांगावा.

आता हे माझ्या नावावर चालले आहे ते मला पटणारे नाही. जे मी बोललोच नाही त्याच्या टाळ्या मला नकोत. मी उभा जन्म मापात काढला. दोन सूत इकडेतिकडे झाले तर झोप लागत नाही, आणि इथे आख्खे जनावर इकडचे तिकडे झाले आहे. तेव्हा हे पत्र मंडळापुढे वाचून खुलासा करावा. शेठचा आक्षेप माझ्या गाडीला नसेल, तर गाड्या न आणण्याची माझी अटही राहत नाही. डुकरांविषयी मला माहिती नाही, म्हणून मत नाही.

दि. १० ला सकाळी नऊ वाजता एकोणीस गाड्या हजर होतील.

आपला,
ईश्वर शिगवण


डोंगरी
३ डिसेंबर

ईश्वर शिगवण यांना,

तुमचं पत्र मंडळापुढं वाचलं न्हाय. पण शेटना कळलंच. त्यांच्या हपिसातल्या चंदूनं एवढ्यात गाड्यांची पानं उघडली, अन् हसत हसत त्यांना दाखवली. ते परवा येऊन म्हणाले, बघ शेवंते, तुझा वकील गाडीबद्दल भांडत होता. ज्या चौघांनी हात वर केला होता त्यांतले तिघे आता म्हणतात आम्हाला फसवलं. मी फसवलं म्हणे. शुक्रवारी आठ तारखेला सकाळी टेम्पो येणार. कुठं नेणार विचारलं तर शेट म्हणाले, तुला काय करायचंय.

तुम्ही रागावलात. माझी चूक हाय, पान वाचलं न्हाय. पण मलाही आता राग आलाय, तो लिहिते. तुमच्या गाडीला नावं ठेवली म्हणून तुमचं रक्त उसळलं, अन् गाडी न्हाय, जिवंत जनावर हाय म्हटल्यावर तुम्हाला मत न्हाय? हे कसलं माप?

तुमचा कागद सोबत परत पाठवतेय. रोज वाचतेय, मला त्यातलं काहीच चुकीचं वाटत न्हाय. मोडून पडली होती, खरं. कुणी थांबलं न्हाय, खरं. किलोवाले आले, खरं. मी हातानं धुतली, उभी केली, ते पण खरं, अन् सावली, पाणी अन् दोन मिनिटं जवळ बसणं, तेवढंच लागतं तिला. तुम्ही गाडीसाठी लिहिलं असेल. तर मग जे वाक्य माझ्या डुकराला लागू न्हाय ते तुम्हीच खोडा. नीट, मापात खोडा. जेवढं उरेल तेवढं मी शुक्रवारी टेम्पोवाल्यापुढं वाचीन.

कुणी आलं न्हाय तरी वाचीन.

शेवंती भोईर


सिल्व्हर पार्क
बुधवार, ६ डिसेंबर २००६
(हातपोच, उत्तनच्या बस कंडक्टरबरोबर)

शेवंतीबाई,

आपले पत्र काल मिळाले. कारखान्यातून अर्धी रजा टाकून कागद पुढे घेऊन बसलो. लाल पेन घेतले. एकच वाक्य खोडता आले, रस्त्यात न सोडल्याचे. बाकी वाक्यांवर पेन नुसतेच फिरवत राहिलो. कागद सोबत परत करीत आहे.

नंतर न राहवून संध्याकाळची बस धरून डोंगरीला आलो. आपण विहिरीवर होता. पिंपळाखाली जाऊन ती पाहिली. पुन्हा हाक मारली नाही, मला लाज वाटत होती, हे लिहूनच टाकतो. पायाला बांबूच्या खपच्या बांधल्यात त्या बाहेरच्या बाजूने सैल आहेत, त्यामुळे सगळा भार आत येतो. जरा आवळाव्यात. डॉक्टरांनी हे सांगायला हवे होते.

परतीच्या बसने तारोडीच्या वळणावर उतरलो. रस्ता तिथे दोन्हीकडून लांबवर दिसतो. वळणाच्या आधी शंभर पावले सरळ आहे. तिथे जनावर दिसले नाही असे जो म्हणेल तो खोटे बोलतो. त्या अंतरात माझी पन्नास वर्षांची गाडी, तिच्या जुन्या ब्रेकवर, दोनदा थांबते. ज्याने उडवली त्याने ब्रेकला पाय लावलेला नाही. गाडी हातात असलेल्या माणसाने हे केले, आणि मी आपल्याला सर्वनामे शिकवीत बसलो होतो.

आता कामाचे. आमच्या अठराही जणांना फोन केले. सांगितले की ती डुक्कर हलली तर गाड्या नाहीत, आणि ही अट या वेळी जनावराचीच आहे. रागावले. एक म्हणाला, "शिगवण, डुकरासाठी मी माझी हिलमन उन्हात उभी करू?" म्हटले, उन्हातच करायची आहे, मंडप गेला. पाच जणांनी नाही म्हटले. हिलमनवाला त्यांत आहे. कुरकुर करीत का होईना, तेरा तयार आहेत. माझी धरून चौदा.

शुक्रवारी मी पूर्ण रजा टाकली आहे. टेम्पोच्या आधी पोचेन. आपण कागद वाचायचा तो वाचा. मला सभेत बोलता येत नाही, फक्त लिहिता येते. पण गाडी कुठे उभी करायची हे मला कळते.

आपला,
ईश्वर


डोंगरी
शुक्रवार, ८ डिसेंबर, दुपार

ईश्वरभाऊ,

कंडक्टर बसमध्ये थांबलाय, म्हणून घाईत लिहितेय. तुम्ही टेम्पो गेल्याबरोबर निघून गेलात. मी चहा टाकला होता.

तुम्ही गाडीत काच वर करून पेपर धरून बसला होता, म्हणून बाहेर काय झालं ते तुम्हाला ऐकू गेलं नसेल. सांगते.

टेम्पोवाल्यानं आधी हॉर्न मारले. मग उतरून माझ्यावर ओरडला. मी कागद वाचायला घेतला. तो म्हणाला, मावशी, मला वाचून दाखवू नका, मला भाडं मिळालंय. तरी मी वाचत राहिले. दशरथभाऊ येऊन माझ्या बाजूला उभे राहिले. मग त्यानं शेटना फोन लावला. तो भायखळ्याचा, जुना ड्रायव्हर माणूस. म्हणाला, "शेट, आत जाता येत न्हाय. फाटकात डुक्कर आडवी हाय."

शेट फोनमधून इतके जोरात बोलले की आम्हाला ऐकू आलं. "अरे, तीच तर आणायला पाठवलंय. उचल अन् टाक."

तो म्हणाला, "शेट, ही उचलत न्हाय. हिच्यात एक माणूस बसलाय."

शेट म्हणाले, "डुकरात माणूस? सकाळीच प्यायलास काय?"

दशरथभाऊ तिथंच खाली बसले हसत. टेम्पोवालासुद्धा हसायला लागला. तुमच्या गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला, अन् म्हणाला, माझ्या बापाकडे हीच होती. मग मला म्हणाला, मावशी, काय वाचत होता ते वाचा आता. सगळा कागद त्यानं ऐकून घेतला. फोन बंद केला. भाडं परत देतो म्हणाला, अन् गेला.

शेट आता गप्प बसणार न्हाय. सोमवारी मंडळ बोलावलंय, मला काढून टाकतील असं दशरथभाऊ म्हणतात. पण जागा माझ्या सासऱ्याची हाय, मंडळाची न्हाय. हे मी त्यांना आजवर सांगितलं नव्हतं. सोमवारी सांगणार.

खपच्या तुम्ही सांगितल्या तशा आवळल्या. दुपारी चार पावलं चालली.

टाकी गेली. मंडप न्हाय. पाणी ओढायला मी हायच. रविवारी चौदा गाड्या घेऊन या, डोक्याला टोपी घालून या, अन् पोचलात की आधी हाक मारा.

शेवंती